मुद्रितशोधकाची डरकाळी

हात वर करण्याआधी माणसाने दोनदा विचार करावा, हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही. शिकवलं असेलही, पण तेव्हा मी कधीच हात वर करत नसल्यामुळे माझं लक्ष नसणार.

त्या दिवशी रविवारच्या पुरवणीची बैठक चालू होती. मी त्या बैठकीला हजर असतो तो केवळ माझं टेबल त्याच खोलीत आहे म्हणून. मी आमच्या दैनिकाचा मुद्रितशोधक. म्हणजे इतरांनी केलेल्या चुका छापण्याआधी शोधायच्या, आणि एखादी निसटलीच तर ती आपणच केल्यासारखी बोलणी खायची. (बोलणी खाऊन पोट भरत असतं तर मी एव्हाना चांगलंच बाळसं धरून असतो.) संगीताचं सदर लिहिणारे गृहस्थ नोकरी सोडून गेले होते आणि संपादकबाई विचारत होत्या, "मेटलकोअरच्या दोन नव्या अल्बमचं परीक्षण हवंय, सोमवारपर्यंत. कोण करेल?" नेमकी त्याच क्षणी पंख्याने माझी प्रुफं उडवली, आणि 'पंखा जरा कमी करा हो' असं सांगायला मी हात वर केला.

"वा!" बाई म्हणाल्या. "तुम्ही ऐकता हे?"

इथे सरळ 'नाही' म्हणून मोकळं व्हायला काय हरकत होती? पण 'मेटलकोअर' हा शब्द माझ्या ओळखीचा होता. आमच्या कन्येच्या खोलीच्या दारावर तो चिकटवलेला होता, आणि ते दार गेले कित्येक महिने बंद होतं. दाराआड ती आणि तिचं ते आरडाओरड्याचं संगीत. आमच्याशी तिचा सगळा व्यवहार तीन शब्दांत आटपायचा: 'हं', 'नको' आणि 'दार'. ('दार' म्हणजे, जाताना लावून घ्या.) पूर्वी हीच मुलगी दप्तर खाली ठेवायच्या आत सगळी शाळा सांगून मोकळी व्हायची. मला ती बडबड परत हवी होती. तिच्यासाठी मी मेटलकोअरच काय, रस्ता खोदणारं यंत्र उशाशी घेऊन झोपलो असतो.

"ऐकतो की," मी म्हणालो. "घरात चालूच असतं."

हे खोटं नव्हतं.

घरी बायकोला सांगितलं. बायको ग्रंथपाल आहे. वाचनालयात बोलायचं तेवढ्याच आवाजात ती घरीही बोलते. इतक्या वर्षांत तिने आवाज चढवल्याचं मला आठवत नाही. गरजच पडत नाही. ती चष्म्यावरून नुसती बघते आणि माझी निम्मी हवा जाते.

"तुला मिक्सर लावला तरी डोकं दुखतं," ती पुटपुटली.

"मिक्सरला चाल नसते," मी म्हणालो. (हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.)

शनिवारी सकाळी हेडफोन लावून मी बैठक मारली. पहिल्या अल्बमवर बँडचं नाव होतं, म्हणजे असावं. कुणीतरी काटेरी कुंपण उपटून आडवं टाकल्यासारखं काहीतरी दिसत होतं. मी ते उलटं धरून पाहिलं, भिंग लावून पाहिलं, आणि शेवटी 'नाव वाचता येत नाही, मूळ प्रतीवरून तपासावे' अशी नोंद करून पुढे गेलो. मग गाणी सुरू झाली. पहिल्या गाण्यानंतर मी उठून पाणी प्यालो. दुसऱ्यानंतर बसल्या जागी घाम पुसला. पण हातात पेन्सिल आली की माझी भीती जाते. दुपारपर्यंत परीक्षण तयार होतं, आणि खरं सांगतो, मला ते झकास वाटत होतं.

कन्येचं दार ठोठावलं.

"जरा वाचतेस का?"

"नको."

मी कागद दाराखालून आत सरकवला आणि मधल्या जागेतला, नीटच चालू असलेला दिवा तपासत उभा राहिलो. थोड्या वेळाने आतलं संगीत थांबलं. मग दार उघडलं. खरंच उघडलं!

"बाबा! हे तू छापायला देणारेस?"

सबंध वाक्य! शेवटी प्रश्नचिन्हसुद्धा! माझा तर कानांवर विश्वास बसेना.

"का गं? काही चुकलंय?"

"ऐक, काय लिहिलंयस ते. 'दुसऱ्या गाण्यात वाद्ये मध्येच बंद पडली आहेत. मजकूर गळला असावा.'"

"गळलाय ना. मी तीनदा तपासलं."

"तो गळला नाहीये! ब्रेकडाउन येण्याआधी बँड श्वास घेतो तिथे. मग सगळं मिळून अंगावर येतं. आणि हे काय? 'एक गृहस्थ ओरडत असताना दुसरे गृहस्थ गोड गळ्याने गातात. दोन वेगळ्या गाण्यांची पाने एकत्र बांधली गेली आहेत.' बाबा, तो एकच माणूस आहे."

"एकच?" मी चाटच पडलो. "मग त्याला इतकं छान गाता येतं, तर तो आधीपासून नीट का नाही गात?"

"आणि दुसऱ्या अल्बममधला सॅक्सोफोन तू वगळायला सांगितलायस!"

"तो चुकून शिरलाय."

"त्यांनी मुद्दाम घेतलाय! मेटलमध्ये दुसरं संगीत मिसळतात ते. तेच तर नवीन आहे त्यात."

एवढं बोलून ती दाराच्या चौकटीला टेकली. मला वाटलं, आता 'दार' म्हणणार. पण ती म्हणाली, "आधी त्याचं कुणी ऐकत नसतं, म्हणून तो ओरडतो. मग ऐकणारं कुणीतरी आहे असं त्याला वाटतं, तेव्हा गातो. तुला नाही कळणार. तू ऐकतच नाहीस बाबा. तू चुका शोधतोस."

मला ते लागलं. जिथे लागायला हवं तिथेच लागलं. काहीतरी बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, आणि आयुष्यात प्रथमच सुचलेलं वाक्य तपासून परत आत ठेवलं.

"मग ऐकव," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "हेडफोनवर नाही कळायचं. थांब." आणि ज्या स्पीकरवरची धूळ पुसायचीसुद्धा आम्हाला परवानगी नाही, तो उचलून ती बाहेरच्या खोलीत आली. बायकोने एकदा स्पीकरकडे पाहिलं, एकदा लेकीकडे, आणि कानांत कापूस घालून पुस्तकासह बाल्कनीत जाऊन बसली.

काय सांगू तुम्हाला! त्या आवाजाने काचेच्या कपाटातली माझी 'उत्कृष्ट उपस्थिती'ची ढाल चालत चालत कडेपर्यंत आली. पण खरंच, तो शांततेचा क्षण आला तेव्हा मीही श्वास रोखला. सॅक्सोफोन आला तेव्हा तर चक्क बरं वाटलं. कन्या म्हणाली, "मान हलव, मान!" मी हलवली. तिने केस उडवले. मी (केस नसल्यामुळे) चष्मा उडवला. शेवटच्या ठोक्याला माझी मान कडकन लचकली, "आई गं!" असा माझा टाहो निघाला आणि गाणं संपलं.

त्याच वेळी दाराची बेल वाजली.

दारात खालच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर होते. त्यांच्या मागे समोरच्या डेंटिस्टबाई टाचा उंच करून आत डोकावत होत्या.

"आम्ही सगळं ऐकलं," हेडमास्तर हलकेच म्हणाले.

"माफ करा हं, आवाज फार झाला."

"संसार म्हटला की भांड्याला भांडं लागतंच. पण इतकं?"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डरकाळ्या, मग विनवणीचे सूर, परत डरकाळ्या. खाली ऐकणाऱ्याला हे नवराबायकोचं कडाक्याचं भांडण वाटणार नाही तर काय! मला भयंकर शरम वाटली. आणि खोटं कशाला बोलू, शरमेच्या तळाशी चिमूटभर अभिमानही होता. ती डरकाळी माझी वाटावी!

"मी सहसा इतका चिडत नाही हो," वाकडी मान सांभाळत मी म्हणालो.

"तुम्ही?" हेडमास्तरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, तुम्हाला का मी ओळखत नाही? ओरडणं चालू असताना मध्येमध्ये काकुळतीला येत होतात, ते तुम्ही." आणि बाल्कनीकडे वळून ते म्हणाले, "वहिनी, माणूस गरीब आहे. जरा सबुरीने घ्या."

बायकोने कानातला कापूस काढला. "काय म्हणालात?" तिने नेहमीच्या, वाचनालयातल्या आवाजात विचारलं.

"बघा!" डेंटिस्टबाई कळवळून म्हणाल्या. "ओरडून ओरडून घसा पार बसलाय यांचा! मिठाच्या पाण्याने गुळण्या करा हो."

यावर कन्या जी हसत सुटली, ती सोफ्यावरून घसरून खाली सतरंजीवर बसली. डोळे पुसत होती आणि परत हसत होती. ते हसू ऐकून मी पाहुण्यांचा गैरसमज दूर करायचाही विसरलो. बायकोही चष्मा काढून लेकीकडे बघत राहिली. आमचे गंभीर चेहरे पाहून पाहुण्यांना वाटलं, तडजोड झाली. ते समाधानाने निघून गेले.

संध्याकाळभर आम्ही दोघांनी बसून नवं परीक्षण लिहिलं. ती सांगत गेली, मी उतरवत गेलो. तिच्या बोलण्यात जागोजागी इंग्रजी होतं, वाक्यं अर्धवट सुटत होती, आणि मी एकदाही अडवलं नाही. (पेन्सिलचं मागचं टोक मात्र चावून चावून संपवलं.) परीक्षण छापून आलं. संपादकबाईंनी पुढचे तीन अल्बम माझ्या टेबलावर आणून ठेवले. कन्येचं दार आता अर्धं उघडं असतं, आणि त्यातून मला दिवसातून चारदा तरी हाक येते, "बाबा, हे ऐकलंस?"

रविवारी हेडमास्तर पुरवणी हातात घेऊनच वर आले. "वहिनी, मोठा गैरसमज झाला. ओरडत होता तो हा गायक!"

"मी तेच सांगणार होतो," मी ताठ होत म्हणालो. (एव्हाना मान सुटली होती.) "आणि काकुळतीला येत होता, तोही तोच. ओरडणारा आणि गाणारा एकच असतो. मेटलकोअरचं वैशिष्ट्यच आहे ते."

हेडमास्तरांना ते काही पटेना. त्यांनी कन्येकडे पाहिलं. "खरं का गं?"

आता ही पूर्वीची मुलगी असती, तर 'हं' म्हणून खोलीत गेली असती. पण तिची वाचा मीच नवससायास केल्यासारखी परत मिळवलेली.

"ओरडणं त्याचं होतं काका, गाणंही त्याचंच," ती म्हणाली. "पण अगदी शेवटी जे विव्हळणं होतं ना, ते बाबांचं."

"वाटलंच मला," हेडमास्तर सुटकेचा निःश्वास टाकत म्हणाले. "तेवढाच एक आवाज ओळखीचा होता."