गठ्ठ्याचा दर

आमचे हेडक्लार्क गायकवाड भाऊसाहेब केस कापायला कधीच एकटे जात नाहीत. ऑफिसातली पाच माणसं गोळा झाल्याशिवाय ते सलूनची पायरी चढत नाहीत. पाच डोकी एकदम नेली की सलूनवाला दर उतरवतो. मला टक्कल आहे, तरी मला नेतात. "सर, तुम्ही नुसते बसा. डोकी मोजताना तुमचं धरतात," असं त्यांनी मला प्रेमानं समजावलं होतं. मी बसतो.

आमच्या शिक्षणसंस्थेच्या मांडव्यापासून दिवेआगरपर्यंत नऊ शाळा. त्यांतल्या मुख्य कार्यालयाला लागून असलेल्या शाळेत मी संगणक शिकवतो. पूर्वी प्रत्येक शाळा आपापला संगणक, आपापला अँटिव्हायरस, आपापला दुरुस्तीवाला बघायची आणि आपापली फसायची. भाऊसाहेबांनी नऊही शाळांची एकच मागणी काढली. "एकटं घ्याल तर मराल, गठ्ठ्यानं घ्याल तर तराल," हे त्यांचं ब्रीदवाक्य. विक्रेते त्यांना बघून चहा मागवू लागले, आणि दर खरोखरच उतरले. हे कबूल करायला मला वेळ लागला, कारण माझा राग प्रिंटरचा होता.

त्यांनी सगळ्या शाळांचे लहान प्रिंटर विकून मुख्य कार्यालयात एकच भलामोठा घेतला. पानामागचा खर्च अर्ध्यावर आला. पानं मात्र एसटीनं येऊ लागली. दिवेआगरच्या सहामाहीचे पेपर कंडक्टर द्यायला विसरला आणि ते थेट श्रीवर्धनला गेले. दिवेआगरच्या बाईंनी प्रश्न फळ्यावर लिहून परीक्षा उरकली. मी तावातावानं जाब विचारला, तर भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, "पेपर चुकला सर, दर न्हाय चुकला."

यंदा दुरुस्तीचा करार नव्यानं करायचा होता. दुरुस्तीवाल्यानं सुचवलं, खाडीपलीकडची तुमची सगळ्यात लहान शाळा वगळा. तिथे तीनच संगणक, आणि त्यांच्यासाठी माणसाला होडीनं जावं लागतं. ती वगळली तर बाकी आठांचा दर आणखी उतरणार होता. तिथला संगणकवर्ग मात्र बंदच पडला असता, कारण बिघडलेलं मशीन बघायला तिकडे दुसरं कोणी जात नाही. भाऊसाहेब स्वतःच्या पेनानं ते नाव खोडणार, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

सभेत चेअरमन हसून म्हणाले, "भाऊसाहेब, हे तर तुमच्याच मनासारखं झालं."

"न्हाय साहेब. ती शाळा गठ्ठ्यातच राहणार."

"दर उतरणार नाही, तरी?"

"मोठ्या शाळांना काय, त्या एकेकट्या पण घेतील. गठ्ठा हिच्यासाठीच तर बांधला हाय."

चेअरमननी नऊ शाळांच्या करारावर सही केली.

बाहेर टपरीवर मी विचारलं, "भाऊसाहेब, आज दर सोडलात?"

त्यांनी चहा संपवला. "पाचवीत होतो. आजूबाजूच्या सगळ्या शाळांची मिळून एक सहल निघाली, किल्ल्यावर. आमच्या शाळेचे आम्ही चौघंच. फाट्यावर उभे राहा, गाडी वळवून नेतो, म्हणाले."

"मग?"

"चौघांसाठी गाडी वळवणं परवडत न्हाय, असं ठरलं म्हणं. आम्हाला कोण सांगणार? दुपारपर्यंत उभे होतो. मग डबे तिथंच खाल्ले."

आजवर त्यांची इतकी थट्टा केली, त्याची मला लाज वाटली.

"घरी गेलो," भाऊसाहेब म्हणाले, "तर आईनं विचारलं, किल्ला कसा होता रे? मी म्हटलं, लय मोठा होता."