गुंजाळ सरांचा जावई

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. गुंजाळ सरांचा विषय निघाला की त्यांच्या गमती सांगायचो आणि नेमकं जे सांगायला हवं, ते गाळून उठायचो.

गमती खऱ्याच होत्या. नेवाशात कुणी सोड्याची बाटली फोडली की सर कळवळायचे. "गेला! अहो, जरा हळू." बुडबुड्यांतून उडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडला ते जावई म्हणत. "एकदा बसला की हलत न्हाई. उठवायचा तर करंट द्यावा लागतो, आन् वर समजूत घालणारं कुनीतरी लागतं."

समजूत घालणारा म्हणजे उत्प्रेरक. आम्ही दोघं तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो. उसाचं चिपाड जाळून केलेल्या कोळशाच्या पट्टीवर सरांनी तांबं आणि चांदी एकत्र बसवली होती. "एकटं तांबं भोळं. कशालाबी हो म्हनतं. चांदी शेजारी असली की ताळ्यावर राहतं." साखर कारखान्यात मळीचं अल्कोहोल करताना हा वायू फुकट उडून जातो. विजेच्या जोरावर त्याचंच पुन्हा अल्कोहोल करायचं, हा त्यांचा ध्यास. थेंबभर मिळालंही होतं. अल्कोहोल असलं की तपासणीचं नारंगी द्रावण हिरवं होतं; ते होताना मी स्वतः पाहिलं होतं.

सरांच्या निवृत्तीच्या वर्षी कारखान्याचे चेअरमन प्रयोग बघायला आले. जमलं तर प्रयोगाला कारखान्यात जागा मिळणार होती, नाहीतर सगळं आवरायचं होतं. प्रयोगाला लागणाऱ्या पाण्याचं काम माझ्याकडे होतं. डिस्टिल्ड पाण्याचा कॅन शेवगावहून आणायचा मी कंटाळा केला आणि आवारातल्या बोअरच्या नळाखाली भांडं धरलं. आमचं बोअरचं पाणी चहाच्या पातेल्यावर पांढरे थर चढवतं. त्यातलं लोखंड आणि क्षार उत्प्रेरकावर बसले की नुसता हायड्रोजन निघतो, हे मीच वर्गात शिकवायचो. एका वेळेनं काय होतंय, असं वाटलं.

द्रावण नारंगी ते नारंगीच राहिलं.

"सर, ह्ये तर मोसंबीचं सरबतच राह्यलं की!" चेअरमन म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो.

ते गेल्यावर मी म्हणालो, "सर, नवी पट्टी करून पुन्हा बघू."

सर ती पट्टी फडक्यानं पुसत होते. "आता चांदी कुठली आनू? हिची जोडवी हुती ती. ही गेल्यापास्नं घरात बोलायला कुनी न्हाई. म्हनलं, निदान इथं तरी माझ्याबरोबर कामाला राहील." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "माझ्याच हातानं कायतरी चुकलं असंल. तुमी मात्र लई पळापळ केली."

मी मान खाली घालून बाहेर पडलो.

गेल्या थंडीत सर वारले. त्याआधी किती वेळा त्यांच्या ओट्यावर बसलो आणि पावसापाण्याचं बोलून उठलो. म्हणायचं होतं ते एवढंच:

सर, तुमचा हात चुकला नाही. वहिनींची चांदीही चुकली नाही. पाणी बोअरचं होतं, आणि ते मी भरलं होतं. मला माफ करा.