पाचच्या भोंग्यावर चौथा भाग

पाचला सात मिनिटं कमी होती आणि कामिओसे गावच्या नगर कार्यालयात, आपत्ती विभागाच्या कोपऱ्यात, एबिसावा हिरोमु नव्या यंत्रापुढे घाम पुसत बसला होता. जुनं यंत्र सकाळीच गेलं. चाळीस वर्षं त्यानं रोज संध्याकाळी पाचला गावातल्या बेचाळीस भोंग्यांवरून एकच धून वाजवली होती, आणि ती वाजली की पोरं मैदान सोडून घरी जात. आज टेप तुटली. नवं यंत्र कार्डावर चालणारं होतं. एबिसावानं तुटकी टेप चिकटवून ती धून कार्डावर उतरवून घेतली आणि कार्ड शर्टाच्या खिशात टाकलं. घोडं पेंड खात होतं ते इथंच, कारण त्या खिशात आधीच एक कार्ड होतं.

ते दुसरं कार्ड म्हणजे एबिसावाचं दुनियेशी असलेलं भांडण. 'सात समुद्रांची गाथा' या व्हिडिओ गेमचे चौतीस वर्षांत चौदा भाग निघाले, आणि चौदाही भागांचं संगीत या गड्याला तोंडपाठ. त्याचं मत असं, की संगीत म्हणावं ते चौथ्या भागाचं, आणि त्यातही खेड्याची धून. बाकी सगळे सहाव्या भागातल्या बंदराच्या धुनेवर लट्टू. "बंदराची धून म्हणजे नुसता नट्टापट्टा," तो ऐकणारा सापडला की सांगायचा, आणि ऐकणारा सापडायचा नाही. तरी कुणी विचारलंच, तर ती किती वाईट आहे हे वाजवून दाखवता यावं म्हणून ती नावडती धून तो खिशात घेऊन हिंडायचा. असली हौस.

पाच वाजले. त्यानं बटण दाबलं, आणि बेचाळीस भोंग्यांनी सहाव्या भागाचं बंदर गावावर ओतलं.

"हे काय लावलंत?" विभागप्रमुख नुमाजिरी बाई चहाचा कप घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

"बाई, कार्ड चुकलं."

"मग बंद करा ना."

"होत नाही. भूकंपात कुणी घाबरून बंद करू नये म्हणून बंद करायचं बटणच दिलेलं नाही. पूर्ण वाजलं की मगच थांबतं."

"पूर्ण म्हणजे किती?"

"चार मिनिटं वीस सेकंद," एबिसावा म्हणाला. "दोनदा."

बाईंनी कप खाली ठेवला आणि टेलिफोनकडे पाहिलं. तो लगेच वाजायला लागला.

आता या गावात लहानपणापासून शिकवलेलं असतं, की भोंग्यातून अनोळखी काही आलं तर समजायचं संकट आलं. प्रश्न विचारत बसायचं नाही, दाराशी टांगलेली पिशवी उचलायची आणि शाळेचं सभागृह गाठायचं. पहिल्या फेरीतच अग्निशमनाचे स्वयंसेवक शिरस्त्राणं घालून गाडीवर चढले. दुसरी फेरी संपेपर्यंत त्रेसष्ट म्हातारी माणसं, चपला बाहेर ओळीत लावून, सभागृहात मांडी घालून बसली होती. संकट काही येईना. मग कुणीतरी पिशवीतली बिस्किटं काढली, कुणी माशाचा डबा फोडला, आणि स्वयंसेवकांनाही आग्रह झाला. साडेसहापर्यंत तिथं जेवणावळ चालू होती.

चूक झाली की गोडाचं खोकं घेऊन दारोदार वाकून यायचं, ही इथली रीत. दुसऱ्या दिवशी नुमाजिरी बाई आणि एबिसावा लाल चवळीच्या वड्यांची त्रेसष्ट खोकी घेऊन निघाले. पहिलं दार तोफूवाल्या ओकिता आजींचं.

"काल आमच्याकडून फार मोठी चूक झाली," बाई कमरेत वाकल्या. शेजारी एबिसावा त्यांच्याहून चार बोटं खाली वाकला.

"कसली चूक? काय गोड गाणं होतं ते," आजी म्हणाल्या. "जुनं ऐकून ऐकून कान किटले होते. आता हेच ठेवा."

वाकल्या वाकल्या एबिसावानं मान वर केली. "आजी, माफ करा, पण ते गाणं तितकंसं चांगलं नाही."

बाईंनी त्याच्या पायावर पाय दिला.

"तूच वाजवलंस ना रे?" आजींनी विचारलं.

"चुकून वाजवलं. ते नुसतं नटवं आहे, आजी. चौथ्या भागातली खेड्याची धून ऐकाल तर..."

"त्र्याऐंशी वर्षांची आहे मी. चांगलं काय ते मला कळतं. खोकं ठेव तिथं आणि जा."

त्रेसष्ट दारांवर हेच. माफी मागायला गेलेला माणूस प्रत्येक उंबऱ्यावर भांडून आला आणि बाईंच्या टाचेखाली त्याच्या बुटाची रया गेली. तोवर ओकिता आजींनी दुकानात वही ठेवून चारशे सह्या गोळा केल्या होत्या. नगराध्यक्ष तर हरखूनच गेले. चूक होऊन शाबासकी मिळाल्याची त्यांच्या कारकिर्दीतली ही पहिलीच वेळ. सोमवारी हुकूम आला की बंदराची धून कायम करावी.

एबिसावाचं वय एकेचाळीस. निवृत्तीला एकोणीस वर्षं. रोज पाचला बटण दाबायचं काम त्याचं, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. त्यानं कागदावर हिशेब मांडला तर जवळजवळ सात हजार वेळा येत होतं. सात हजार वेळा, स्वतःच्या बोटानं, सहावा भाग. त्याला खरोखर रडू आलं.

"बाई, दोन आठवडे द्या," तो म्हणाला. "एक आठवडा सहावा वाजवू, एक आठवडा चौथा. मग गावाला ठरवू द्या."

"आणि गावानं सहावाच ठरवला तर?"

"तर मी पुन्हा ब्र काढणार नाही."

"तेवढ्यासाठी तरी देते," बाई म्हणाल्या. गेमच्या कंपनीनं दोन आठवड्यांची परवानगी दिली. कायमची हवी असेल तर संगीतकार कुनिएदा यांची सही आणा, असं कळवलं.

पहिल्या आठवड्यात सोमवारी पाचला पोरं खेळता खेळता थांबली आणि ऐकत राहिली. मंगळवारी नाचली. बुधवारी ओकिता आजी मैत्रिणींना घेऊन मैदानात उतरल्या. गुरुवारी पलीकडच्या वस्तीतली मंडळी डबे बांधून आली, आणि शुक्रवारी तर साडेसहाला गावात स्वयंपाक करणाऱ्यांखेरीज एक माणूस घरी नव्हता. चुलीवर आमट्या आटल्या. फोन सुरू झाले.

"तुमच्या गाण्यानं पोरं घरीच येत नाहीत हो," एक बाई ओरडत होत्या. "त्यांना आणायला सासूला पाठवलं, तर तीही आली नाही."

पुढल्या सोमवारी एबिसावानं चौथ्या भागाचं कार्ड तीनदा तपासलं, बटण दाबलं आणि मैदानाकडे धूम ठोकली. भोंग्यांतून खेडं येऊ लागलं, एकट्या पियानोवर, सावकाश. झोक्यावरची एक मुलगी पाय टेकून थांबली. मग तिनं दप्तर उचललं. तिच्यामागून दुसरी निघाली, मग चेंडूवाले निघाले. कुणी कुणाला हाक मारली नाही. धून अर्ध्यावर आली तोवर मैदानात एबिसावा एकटाच उभा होता. रस्त्यापलीकडे ओकिता आजी दुकानाची फळी ओढत होत्या.

"आजी, निघालात?"

"अरे, हे कानावर आलं आणि वाटलं, घरी कुणीतरी वाट बघतंय. माझ्या घरात मांजरसुद्धा नाही. तरी निघाले बघ."

"म्हणजे चांगलं आहे ना?"

"पाचला हेच हवं," आजी म्हणाल्या. "चांगलं आहे बाबा. आता जाऊ दे मला."

एबिसावाचा ऊर भरून आला. आयुष्यात पहिल्यांदा चौथ्या भागाच्या बाजूनं कुणी बोललं होतं. शुक्रवारी गावच्या सभेत हात वर झाले तेव्हा सहाव्या भागाला चार मतं पडली, तीही स्वयंसेवकांची, जेवणाच्या आशेनं.

मग कुनिएदांचं पत्र आलं. बाईंनी मोठ्यानं वाचलं, "परवानगी देतो. पण खरं सांगू का, खेड्याची धून मी घाईत उरकली होती. माझ्या मते बंदराची कितीतरी सरस. तीच घ्यावी."

"आता बोला," बाई म्हणाल्या. "बनवणाराच म्हणतोय."

"बनवणारा बनवून मोकळा झाला, बाई. ऐकत आलोय तो मी."

एबिसावानं नऊ पानांचं पत्र लिहिलं. सातवं पान सबंध बंदराच्या बासरीवर होतं: एकोणचाळिसाव्या सेकंदाला ती उशिरा येते, आणि ती उशिरा का येते याचा संगीतकारानं शांतपणे विचार करावा.

आठवड्यानं उत्तर आलं, परवानगीच्या सहीसकट. "सातवं पान वाचून बंदराची धून पुन्हा ऐकली. बासरी खरंच उशिरा येते. वाजवणारा माझा मेव्हणा होता, म्हणून तेव्हा गप्प बसलो. चौथा भाग जिंकला, मी हरलो. मात्र नवव्या पानावर तुम्ही बाराव्या भागाला 'बरा' म्हटलंय, ते जिव्हारी लागलं. त्यावर समोरासमोर बोलावं लागेल. गुरुवारी येतो."

"अहो एबिसावा, एवढा मोठा माणूस येतोय," बाई हादरल्या. "जरा नरमाईनं घ्या."

"नरमाईनंच 'बरा' लिहिलं होतं," एबिसावा म्हणाला, आणि गुरुवारच्या रजेचा अर्ज लिहायला बसला.