ओल्या केसांचा अंतराळवीर

रादमिलाने दहावा कागद वाचून खाली ठेवला आणि ती खुर्चीत मागे टेकली. दहाही अभिप्राय सुरेख होते, आणि तिथंच कुठेतरी पाणी मुरत होतं.

क्रिवा चेस्माच्या वाचनालयात ती कुमार विभाग सांभाळायची. विभागात कुमार फिरकत नसल्यामुळे मुख्यतः कुंड्यांना पाणी घालायची. नगरपालिकेने ठणकावून कळवलं होतं की, शुक्रवारपर्यंत दहा तरी मुलांनी पुस्तक वाचून अभिप्राय दिला नाही, तर खोली गळ टाकून मासे धरणाऱ्यांच्या मंडळाला मिळेल. मंडळाची माणसं येऊन भिंतींची मापंसुद्धा घेऊन गेली होती. म्हणून रादमिलाने 'शनीपलीकडची शिडी' ही नवीकोरी विज्ञान-साहसकथा आठवीतल्या तेओदोराच्या हाती दिली, सोबत दहा कोरे कागद. प्रत एकच होती. ती वर्गात फिरवायची असं ठरलं.

पुस्तक परत आलं, कागदही भरून आले. पण दहाही वाचकांना नेमकी एकच गोष्ट खटकली होती. पान दोनशे बारावर नायक इल्यान अनोळखी ग्रहावर उतरतो, अंघोळ करतो आणि यानाची समोरासमोरची दोन्ही दारं उघडून मधोमध उभा राहतो. 'ओल्या केसांनी, आरपार वाऱ्यात. आई नाही का याला?' असं एकाने लिहिलं होतं. दुसऱ्याने विचारलं होतं, 'राक्षसांच्या तावडीतून सुटला खरा, पण आता मान धरली तर शेकणार कोण?' तिसऱ्याला त्याच्या मूत्रपिंडांची काळजी लागली होती.

आरपार वारा लागला की मान धरते, मूत्रपिंडं बिघडतात, ही इथल्या म्हाताऱ्यांची भीती; चौदा वर्षांच्या मुलाला आपल्याला मूत्रपिंडं आहेत याचाच पत्ता नसतो. शिवाय कागदांना भाजलेल्या मिरच्यांचा वास येत होता. सप्टेंबरात घरोघरी लाल मिरच्या भाजून बरण्या भरतात हे खरं, पण त्या मुलं भरत नाहीत.

रादमिला तडक तेओदोराच्या घरी गेली. तिची आजी ल्युबिंका गॅलरीत शेगडीपाशी बसली होती.

"ल्युबिंकाकाकू, हे तेओदोराने लिहिलंय?"

"तिनंच. हात फक्त माझा होता."

"काकू!"

"अगं, पोरगी पुस्तक टेबलावर टाकून गेली. म्हटलं बघू तरी काय आहे. तर तो इल्यान पहिल्याच पानावर कड्यावरून खाली लोंबतोय. मी त्याला तसा लटकता सोडू? चार किलो मिरच्यांचा कोळसा झाला बघ. मग वरची वेरोस्लावा कॉफीला आली, तिनं माझ्या हातातून ओढूनच नेलं. पुढं ते जिन्याजिन्यानं गेलं."

"आणि कागद?"

"आजवर या पोरांचा गृहपाठ कोण करत आलंय? आम्हीच ना? मग हाही केला."

रादमिला डोक्याला हात लावून परतली. कागद फाडायचे आणि खरं काय ते सांगून टाकायचं, असं तिने वाटेत ठरवलंही होतं. पण टेबलावर ना कागद होते ना पुस्तक. नगरपालिकेचे मिओद्राग साहेब जातीने येऊन गेले होते आणि मागे चिठ्ठी होती: 'तपासणीसाठी नेलं आहे. शुक्रवारी चार वाजता या मुलांना भेटेन.'

आता आली का पंचाईत. खरं सांगायला नगरपालिकेत जावं तर खोली गेलीच. रादमिला गेली नाही. तिने ल्युबिंकाकाकूंना निरोप धाडला, आणि शुक्रवारी अक्रोड घातलेल्या गोड धिरड्यांच्या आमिषाने दहा नातवंडं खोलीत येऊन बसली. तेओदोरा तर पोहण्याच्या तलावावरून ओल्या केसांनीच आली होती. सगळ्यांकडून एकच वाक्य घोटून घेतलं होतं. शेजारच्या वर्तमानपत्रांच्या खोलीत, दार किलकिलं ठेवून दहा आज्या बसल्या. वेळ सांगून येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मिओद्राग साहेब फाइल काखेत मारून आले.

"काय मग, कसं वाटलं पुस्तक?"

"पुस्तक आवडलं," दहा मुलं एका सुरात म्हणाली.

"छान. भीती कशाची वाटली?"

मुलं एकमेकांकडे बघू लागली. "राक्षसांची," एक जण अंदाजाने म्हणाला.

साहेबांनी मान डोलावली. "जरा कोंदटलंय नाही?" असं म्हणत ते उठले आणि त्यांनी खिडकी सताड उघडली. मागे दरवाजा उघडाच होता. पडदा फडफडला, टेबलावरचे कागद उडाले. मुलं आरामात धिरडी खात राहिली. तेओदोराने तर खुशाल वाऱ्याला केस दिले.

शेजारच्या खोलीत दहा खुर्च्या करकरल्या.

"खिडकी लाव रे मेल्या!" ल्युबिंकाकाकू शाल घेऊन धावत आल्या आणि त्यांनी नातीचं डोकं गच्च गुंडाळलं. पाठोपाठ बाकीच्या नऊ जणी आल्या.

"भेटले वाचक," मिओद्राग साहेब शांतपणे म्हणाले. "माझा मुलगा रात्रभर असल्या वाऱ्यात झोपतो. अभिप्राय वाचले तेव्हाच मला शंका आली. कागदावर तर इयत्ता आठवी लिहिलीय."

"आठवी पास आहे मी," ल्युबिंकाकाकू म्हणाल्या. "एकोणीसशे एकसष्टला."

"चूक माझी आहे साहेब," रादमिला म्हणाली. "मला कळलं होतं, तरी गप्प राहिले. ही खोली जाऊ नये असं फार वाटत होतं." साहेबांनी पेन काढलं आणि फाइलमधल्या तक्त्यात 'कुमार वाचक' या रकान्यात शून्य घालायला टेकवलं.

"वाऱ्याचा एवढा बाऊ कशाला," मागून वेरोस्लावा म्हणाली. "शेवटी झालं का त्या इल्यानला काही?"

"काही झालं नाही?" ल्युबिंकाकाकू गर्रकन वळल्या. "म्हणजे तू दोनशे चाळिसावं पान वाचलंच नाहीस. त्या दारातून मागून कोण आलं ते..."

"शू. पोरं ऐकतायत."

तेओदोराने कानावरची शाल बाजूला केली. "कोण आलं?"

"वाच आणि बघ."

"आजी, सांग ना."

"जिच्यापायी चार किलो मिरच्या जाळल्या, ती गोष्ट फुकट सांगू?"

"मग मला पुस्तक द्या," तेओदोरा रादमिलाला म्हणाली.

"मी आधी," मागचा मुलगा ओरडला. "तिच्याकडे आधी होतं, तिनं उघडलंसुद्धा नाही." धिरडी बाजूला पडली. रादमिलाने धावतपळत प्रतीक्षायादीची वही काढली, आणि बघता बघता तिच्यात एकाखाली एक दहा नावं चढली. मिओद्राग साहेब पेन तसंच धरून बघत राहिले.

"पण पुस्तक कुठंय?" तेओदोराने विचारलं.

रादमिलाने साहेबांकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी फाइलमधून पुस्तक काढलं. त्यात दोनशे एकोणिसाव्या पानावर ट्रामचं तिकीट खोचलेलं होतं.

"रविवारपर्यंत राहू द्या," ते पुस्तक न सोडता म्हणाले.

"नियमाने तुमचा नंबर अकरावा, साहेब," रादमिला म्हणाली.

साहेबांनी रकान्यात दहाचा आकडा लिहिला, पुस्तक तेओदोराला दिलं आणि मान चोळत स्वतःच उठून खिडकी लावली.

"निदान एवढं तरी सांगा," ते आज्यांना हळूच म्हणाले, "केस वाळले का त्याचे?"

दहाही जणींनी ओठ घट्ट मिटून घेतले.