अप्पांचा आठ जीबीचा हट्ट

आमच्या कॉलेजातले शिवलिंगअप्पा सर्व्हरच्या खोलीत शिरण्याआधी दारावर टकटक करतात. आत कुणी माणूस नसतो, किल्ली त्यांच्याच खिशात असते, तरी टकटक करतात, जरा थांबतात, चपला काढतात आणि मग आत जातात. एकदा मी विचारलं, "अप्पा, आतून 'या' कोण म्हणणार आहे?" तर म्हणाले, "कामात असतो गडी, सर. एकदम घुसू न्हाय."

अप्पा मूळचे उमरग्याकडचे. घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि मनासारखं झालं की तोंडातून कन्नडमधला होकार, "हौदु", निघतो. परंड्याला आमच्या कॉलेजात आले ते लॅबमधले कॉम्प्युटर पुसायला, आणि पुसता पुसता सगळं शिकले. मी इथला कॉम्प्युटरचा प्राध्यापक, डिग्र्यांची भेंडोळी घेऊन आलेला. पण सर्व्हर अडला की प्राचार्य माझ्याकडं बघतसुद्धा नाहीत, सरळ "अप्पांना बोलवा". राग येतो, खोटं कशाला बोलू?

त्यांच्या भाषेत सर्व्हर तापत नाही, त्याला कसकस येते. बंद करून पुन्हा चालू केला की तो आंघोळ करून आलेला असतो.

यंदा नवा सर्व्हर आला. मेमरी एकशे अठ्ठावीस जीबी. मी आठ दिवस नजर ठेवली, तर एक तृतीयांशसुद्धा भरेना. मग मी जाहीर केलं, याला स्वॅप नको. स्वॅप म्हणजे मेमरी भरली की जादा सामान डिस्कवर ठेवायची जागा. डिस्क मेमरीपेक्षा फार हळू. एवढं ऐसपैस असताना ते लोढणं कशाला?

"न्हाय जमणार," अप्पा म्हणाले. "दहा खोल्यांचं घर असलं म्हणून माळा काढून टाकता व्हय? आकाशकंदील कुठं ठेवता, बैठकीत?"

"पण अप्पा, ती मेमरी भरणारच नाही."

"आन भरली तर? स्वॅप असला की गडी आधी मंदावतो, खोकतो, आपल्याला कळतं. नसला की न खोकता आडवा."

हा वाद तीन दिवस चालला. स्टाफरूममध्ये इतिहासवालेसुद्धा बाजू घ्यायला लागले, आणि तीही अप्पांची. शेवटी प्राचार्यांनी हात जोडले. "उद्या प्रवेशाचे फॉर्म भरायचा शेवटचा दिवस. एका जरी लेकराचं वर्ष गेलं तर मी तोंड कुठं दाखवू? आज दुपारपर्यंत काय ते ठरवा."

आम्ही सर्व्हरच्या खोलीत बसलो. मी आठ दिवसांचे आलेख समोर मांडले. अप्पांनी चष्मा लावून एकेक कागद नीट बघितला.

"तुमचं बरोबर हाय, सर," ते म्हणाले. मी जिंकलो असं वाटतंय तोवर पुढं म्हणाले, "माझं बी असंच बरोबर होतं."

जुना सर्व्हर नवा होता तेव्हाची गोष्ट. मेमरी भरपूर आहे म्हणून अप्पांनी स्वतःच्या हातानं स्वॅप काढून टाकला. फॉर्मच्या शेवटच्या दिवशी गर्दी उसळली आणि मेमरी भरली. जागा संपली की मशीन बहुतेक सगळ्यात जास्त जागा खाणाऱ्या प्रोग्रॅमलाच मारतं, म्हणजे बंद पाडतं, हे मला माहीत होतं. त्या दिवशी मारला तो फॉर्मांचा डेटाबेस.

"परत उभा करायला तासभर गेला," अप्पा म्हणाले. "एक पोरगी होती, परगावची. फॉर्म अर्धा झालेला. शेवटची गाडी चुकंल म्हणून निघून गेली. मुदत संपली. सगळे म्हणाले, लाईट गेली असंल. म्या बी म्हणालो, व्हय, लाईटच."

"मग तिचं काय झालं?"

"काय म्हाईत. फॉर्मच न्हाय, तर नाव कुठनं सापडायचं?"

मी आलेख गोळा करून बाजूला ठेवले. "किती ठेवायचा?" मी विचारलं.

"आठ जीबी बास. लई दिला तर गडी तिथंच रेंगाळतो. धड मरत न्हाय, धड काम करत न्हाय."

हेही अगदी बरोबर होतं, त्यामुळं मला पुन्हा राग आला. मी आठ जीबी टाकले.

दुसऱ्या दिवशी सगळे फॉर्म सुरळीत गेले. मेमरी अर्धीसुद्धा भरली नाही, स्वॅपला कुणी शिवलंही नाही. संध्याकाळी हा आकडा सांगून अप्पांची जरा खेचावी म्हणून शोधत गेलो, तर पोरं फॉर्म भरत होती त्या लॅबच्या दारात ते उभे. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पोरीला विचारत होते, "भरला का गं? पावती बघितलीस? गाडी किती वाजता हाय?"

"सर्व्हर सोडून इथं, अप्पा?"

"शेवटच्या दिशी इथंच असतो. दर साली. कुणास ठाऊक, यायची ती पोरगी एखाद्या वर्षी. चेहरा ध्यानात हाय माझ्या."

आकडा मी सांगितलाच नाही. आतून दोन खुर्च्या आणल्या, एक त्यांना दिली, आणि शेवटची गाडी जाईपर्यंत आम्ही दोघं दारात बसून राहिलो.