आमचा साळा, घेऊन जा गे मारबत!

लग्न जमवावं तर मनोहररावांनी! हे मी म्हणत नाही, इतवारीत कोणालाही विचारा. (विचारणाऱ्याला काय सांगायचं ते मीच सगळ्यांना सांगून ठेवलं आहे, हा भाग वेगळा!) भांडखोर पोरीला वकील नवरा, आळशी पोराला मास्तरीण बायको. एकदा मी हात घातला की मांडव पडल्याशिवाय राहत नाही. पडतो म्हणजे घातला जातो. एकदा खरोखरच पडला होता, पण त्यात माझी चूक नव्हती.

म्हणून माझा साळा मार्तंड मुंबईचं शिक्षण आटोपून वळकटीसकट आमच्या ओसरीवर येऊन पडला, तेव्हा बायको डोळ्याला पदर लावून बसली तरी मी निर्धास्त होतो.

"अहो, एकुलता एक भाऊ आहे माझा. याचं कसं होईन?"

"काहून रडून राहिली वं सिंधू? याचं लग्न लावून देतो. लग्न झालं की भलेभले सरळ होतात. माझ्याकडे पाय!"

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि आणखी जोरात रडली.

तिचं रडणंही खोटं नव्हतं म्हणा. मार्तंड होता कलावंत, पण त्याच्या कलेला ना कागद लागे ना कॅनव्हास. लागायचं फक्त त्याचं अंग! आणीबाणीत म्हणे हा एका प्रदर्शनात तोंडाला कुलूप लावून उभा राहिला. किल्ली हरवली. लोक म्हणत होते, 'वा, काय परिणामकारक कलाकृती आहे!' आणि हा बिचारा हातवारे करून किल्लीवाला बोलवा म्हणत होता! पुढे एका मंत्र्याच्या वाटेवर 'रस्त्यातला खड्डा' म्हणून आडवा झोपला. तो खड्डा पोलिसांनी चांगला ठोकून ठोकून बुजवला.

"मार्तंडा, चित्रं काढत जा ना गा," मी त्याला प्रेमानं सांगे. "बैल काढ, नदी काढ. भिंतीवर लावता येते."

मुंबईला जाऊन त्याचं बोलणं एकदम शुद्ध झालं होतं. तो म्हणे, "भाऊजी, भिंतीवरच्या चित्राला सरकार भीत नाही. सरकार भितं ते देहाला!"

"मी पण तुह्या देहालेच भेऊन राहिलो बाप्पा!"

तर अशा या मुलासाठी मी स्थळ आणलं ते थेट लकडगंजातलं. गोपाळराव! लाकडं कापायच्या आरामशीनवाले. त्यांची मुलगी जयवंता नर्सिंगचा कोर्स करत होती. रूपानं चांगली, बोलायला चोख. मी गोपाळरावांना सांगितलं, मुलगा ड्रॉइंग मास्तर आहे. स्वभावानं गाय. तोंडातून शब्द म्हणून निघत नाही!

गोपाळराव खूश झाले. म्हणाले, "ड्रॉइंग मास्तर? मंग आमच्या मंडळाले यंदाचा बडग्या करून द्या म्हना ना!"

परगावच्या वाचकांसाठी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात मारबत निघते. काळी मारबत, पिवळी मारबत, आणि त्यांच्यामागं गल्लोगल्लीचे बडग्ये. बडग्या म्हणजे बांबू-कागदाचा पुतळा. वर्षभरात ज्याचा म्हणून त्रास झाला, महागाई असो, पुढारी असो, ढेकूण असो, त्याचा बडग्या करायचा, ठेल्यावर बसवून गावभर मिरवायचा, आणि शेवटी जाळून टाकायचा. कोणी एकानं पीडेचं नाव घ्यायचं, की बाकीच्यांनी ओरडायचं, "घेऊन जा गे मारबत!" पीडा गेली!

"बडग्याचं काय घेऊन बसले गोपाळराव!" मी छाती फुगवली. "असा बडग्या देतो, का लोक म्हनतीन जिवंत आहे!"

हे वाक्य लक्षात ठेवा. मलाही ते आयुष्यभर लक्षात राहणार आहे.

घरी येऊन मार्तंडाला सांगितलं, तर हा ताठ. "मेलेले पुतळे मी करत नाही! उद्या मी स्वतः बंद राशन दुकानापुढं बसणार आहे. पुढाऱ्यांची भाषणं छापलेले पेपर अंगभर चिकटवणार, त्यावर पिवळी माती. एकेका बरगडीवर साखर, रॉकेल, गोडेतेलाचे भाव. आणि पोटावर पाटी, 'माल शिल्लक नाही'. अंधार पडेपर्यंत हलणार नाही, बोलणार नाही!"

"खबरदार!" मी ओरडलो. "उद्या संध्याकाळी गोपाळराव पोरीले घेऊन तुले पाहाले येऊन राहिले! अंगभर कपडे घालून बसायचं, समजलं?"

तो नुसता हसला. त्या हसण्याचा अर्थ मी तेव्हाच लावायला हवा होता.

आता बडग्या करणार कोण? मीच! पोळा त्याच दिवशी होता. दुपारी बसून भाताच्या तणसाचा एक पुतळा बांधला. दिसायला पुतळा कमी आणि गादी जास्त होता, पण होता. संध्याकाळी शेजाऱ्यांचा बैल शिंगांना बेगड, पाठीवर झूल असा थाटात दाराशी पूजेला आला. सिंधू त्याला पुरणपोळी आणायला आत गेली, तोवर त्यानं माझ्या बडग्याचं पोट आणि एक तंगडी खाऊन टाकली! सणाच्या दिवशी बैलाला मारताही येत नाही. उलट त्याच्या पाया पडलो.

सकाळी उठलो तो तडक गोपाळरावांकडे. एक झकास बहाणा तयार केला होता. पण आरामशीनला कुलूप. शेजारचा म्हणाला, "गोपाळराव तर तळ्याकडे गेले, जाळायची लाकडं घेऊन. मंडळाचे पोट्टे गेले तुमच्याच घरी, बडग्या आनाले!"

धावत घरी आलो. सिंधू दारात रिकामा डबा घेऊन उभी.

"अहो, करंज्यांचा मैदा कुठं गेला? पाहुण्यांले काय खाऊ घालू, तुमचं डोकं? बाकी बडग्या मात्र झाक बनवला तुम्ही! पोट्ट्यांनी खुर्चीसकट उचलून नेला, मले पाठमोराच दिसला. अगदी मानसावानी!"

"कोनता बडग्या?"

"ओसरीवरचा. पिवळा."

"मार्तंड कुठं आहे?"

"निजला असन. उठवा त्याले."

मी ओसरीवर गेलो. पातेल्यात मैद्याची खळ, शेजारी ब्रश, पिवळ्या मातीचा टोपला. खुंटीवर मार्तंडाचा शर्ट आणि पँट. म्हणजे मार्तंड त्यांत नव्हता!

मैद्याची खळ वाळली म्हणजे काय होतं ठाऊक आहे का? लाकूड! पोरगा राशन दुकानाकडे निघण्यापूर्वीच खुर्चीत कडकडीत वाळला होता. तोंडावर अर्थमंत्र्याचं भाषण चिकटलेलं. ओरडणार कसा?

"सिंधू," मी म्हटलं, "तू करंज्यांचं नको पाहू. देव पाण्यात ठेव."

आणि निघालो पळत.

रस्त्यावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. ढोल, ताशे, गुलाल! आणि त्या गर्दीत दूर एका ठेल्यावर, मुंडक्यांच्या वर, आमचा मार्तंड! पिवळाजर्द, ताठ, राजासारखा बसला होता. बाया थांबून थांबून त्याच्या बरगड्या वाचत होत्या.

"साखर बरोबर लिवली वं."

"पन गोडेतेल काल अजून चढलं ना! पोट्ट्यांनी जुना भाव लिवला!"

मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, "अरे, थांबा! तो मानूस आहे!"

ठेल्यावरचा पोट्टा आनंदानं ओरडला, "नालायक मानसांले..."

"घेऊन जा गे मारबत!" सगळा रस्ता गरजला.

"अरे, माझा साळा आहे तो!"

"मनोहररावच्या साळ्याले..."

"घेऊन जा गे मारबत!"

काय करावं! मी जे जे बोलायचो त्याची घोषणा व्हायची. "खळीत अडकला!" म्हटलं, तर खळीला घेऊन जा. "सोडा त्याले!" म्हटलं, तर सोड्याला घेऊन जा! शेवटी मी नुसता 'अरे देवा' म्हणालो आणि पटकन तोंडावर हात ठेवला. निदान त्याला तरी इथंच राहू द्यावं.

चौकात हवालदार ओमप्रकाश उभा होता. मी त्याचा हातच धरला. "हवलदारसाब, वो बडग्या नहीं, मेरा साला है!"

"बराबर पहचाने भैया!" त्यानं टाळी दिली. "हमारे मोहल्ले का राशनवाला बी ऐसाइच साला है!"

कोपरं खात, चपला गमावत तळ्यापाशी पोचलो तेव्हा बडग्ये जाळायला सुरुवातसुद्धा झाली होती. गोपाळरावांच्या मंडळानं मार्तंडाला खुर्चीसकट लाकडांच्या ढिगावर ठेवलं होतं. सागाची लाकडं! गोपाळरावांनी आरामशीनवरून खास निवडून आणलेली. आणि समोर हातात पेटता टेंभा घेऊन स्वतः गोपाळराव! शेजारी मैत्रिणीबरोबर जयवंता.

"या मनोहरराव, या!" गोपाळरावांनी हाक मारली. "बडग्या म्हनजे बडग्या बनवला तुमच्या मास्तरनं! असा हुन्नरी जावई भेटला तर आणखी काय पाहिजे?"

आता तुम्हीच सांगा! सांगावं तर स्थळ जळतं, न सांगावं तर नवरदेव जळतो! घरी देव पाण्यात ठेवून बसलेली सिंधू डोळ्यापुढं आली. ज्या बहिणीनं लहानपणी त्याला कडेवर वागवलं, तिला जाऊन काय सांगू? खड्ड्यात गेलं ते स्थळ!

"गोपाळराव, पेटवू नका!" मी ढिगापुढं आडवा झालो. "हा बडग्या नाही!"

"मंग काय आहे?"

"हा... हा पाहुना आहे!"

"ऊन लागलं यांले," गोपाळराव मंडळींना म्हणाले. "सावलीत बसवा."

चार पोट्ट्यांनी मला उचललं. मी हातपाय झाडत राहिलो आणि टेंभा खाली झुकला.

"बाबा, थांबा!"

जयवंता होती. ती बडग्याच्या तोंडाकडे टक लावून पाहत होती. "याच्या डोळ्यातून पानी येऊन राहिलं."

"धूर लागला असन बाई."

"कागदाच्या डोळ्याले धूर लागते काय बाबा?" म्हणत पोरगी सरळ ढिगावर चढली. त्याचं मनगट धरलं, घड्याळाकडे पाहिलं आणि ओरडली, "बाबा, ह्या बडग्याले नाडी आहे!"

"असन. पोट्ट्यांनी पायजमा घातला असन त्याले."

"पायजम्याची नाही! हातातली! अन लय जोरात पळून राहिली!"

तिनं कोणाच्या तरी हातातला गडू घेतला, मार्तंडाच्या तोंडावर पाणी ओतलं आणि अर्थमंत्र्याचं भाषण टरकन ओढून काढलं. निम्मी मिशी भाषणाबरोबर गेली! आणि मुंबईचं सगळं शुद्ध बोलणं विसरून आमचा कलावंत कोकलला, "अवं माय वं! मेलो वं!"

बडग्या बोलला! अर्धी गर्दी पळाली, उरलेली पाया पडली. हवालदार ओमप्रकाशनं तर सलामच ठोकला.

गोपाळरावांचा टेंभा हातातच विझला. "मनोहरराव, हा कोन?"

"हे... आमचे मार्तंडराव. संध्याकाळी पाहाले येनार होते ना तुम्ही, ते."

"ड्रॉइंग मास्तर?"

"ड्रॉइंग... अंगावर करतात."

"तोंडातून शब्द निघत नाही म्हनत होते ना तुम्ही? थापा मारता! लंगोटीवर बसलेल्या पोट्ट्याले पोरगी देऊ मी? मोडलं स्थळ!"

सगळं संपलं होतं. पण मार्तंडाला त्याचं काही नव्हतं. अर्ध्या मिशीनं, रडत, हसत तो मला म्हणत होता, "भाऊजी, मुंबईत माझ्याकडे कोणी ढुंकून पाहत नव्हतं हो! इथं लोकांनी ठेल्यावर बसवून मिरवलं! बाया बरगड्या वाचत होत्या!" मी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. पोरगा खरंच सुखी होता. मलाही भरून आलं.

तेवढ्यात जयवंता म्हणाली, "बाबा, मले पसंत आहे."

"काय?"

"सकाळपासून आतापर्यंत एक शब्द न बोलता बसला तो. तुम्ही घरी चहा गाळेपर्यंत तरी चूप राहता काय? असा नवरा साऱ्या नागपुरात शोधून भेटनार नाही."

गोपाळरावांनी बोलायला तोंड उघडलं. पोरीनं नुसतं बोट दाखवलं. त्यांनी तोंड मिटलं.

तर सांगायचं काय, लग्न जमलं! मीच जमवलं! दिवाळीनंतर बार उडाला, मांडवही पडला नाही. मार्तंडाला सासऱ्यांच्याच ओळखीनं शाळेत ड्रॉइंग मास्तरची खरी नोकरी लागली. म्हणजे मी थाप मारलीच नव्हती, जरा आधी बोललो होतो इतकंच. लग्नानंतर त्याची तत्त्वंही मऊ झाली. पुढच्या पोळ्याला सासऱ्यांच्या मंडळाचा बडग्या त्यानंच केला. बांबूचा, कागदाचा, रीतसर मेलेला.

मी कौतुकानं पाहायला गेलो. ठेला चौकात आला. बडग्याला चष्मा होता. काखेत छत्री होती. फुगवलेल्या छातीवर पाटी होती, 'येथे जोड्या जमवून मिळतील'. नाक तर इतकं हुबेहूब साधलं होतं की मी नकळत स्वतःचं चाचपून पाहिलं.

"थापाड्या मध्यस्थाले..." कोणीतरी खणखणीत आवाजात आरोळी दिली.

"घेऊन जा गे मारबत!"

कोण हा हरामखोर, म्हणून मी रागानं मागं वळलो. सिंधू होती. कडेवर पोर घेतल्यासारखी करंज्यांची पिशवी धरून, गुलालानं लाल झालेली, पुढच्या आरोळीसाठी दम घेत होती.