सुंदरची बदली

गोठ्यात बैल चार होते, घोडी एक, मालक तीन आणि मतं अकरा. पळून झालेले घाट सहा, राहिलेले सहा, आणि फायनलला पोचल्याची संख्या शून्य.

चाकणच्या आसपास यात्रा म्हटली की बैलगाडा आलाच. घाट म्हणजे चढावरची सरळ धावपट्टी. गाड्याला दोन बैल पुढं, दोन मागं, आणि सगळ्यांच्या पुढं घोडी. खाली निशाण पडलं की इलेक्ट्रॉनिक घड्याळ सुरू होतं, वरची रेषा ओलांडली की थांबतं. एका धावेला बारी म्हणतात. बारा सेकंदांच्या आत येतो तो गाडा. तेराच्या पुढं जातो, त्याला लोक बैलांची सहल म्हणतात. सोपानरावांच्या गाड्याची सहल सहाही घाटांत निघाली होती.

सोपानराव म्हणजे अजिंक्यचे चुलते. घरात सगळे त्यांना नाना म्हणत. अजिंक्य भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेला आणि चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मापन विभागात प्रशिक्षणार्थी. दिवसभर केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या भागापर्यंत मोजमाप करणाऱ्या माणसाला चार बैल मोजणं काय अवघड? त्याने सहाही बाऱ्यांचे व्हिडिओ स्लो मोशनमध्ये पाहिले आणि एका रविवारी ओट्यावर निकाल जाहीर केला.

"अर्धा सीझन संपला. आता भावनेनं नाही, आकड्यांनी चालायचं. निशाण पडलं की तिघं निघतात. सुंदर शून्य पॉइंट चार सेकंद उशिरा निघतो. दर वेळी. एक बदली केली की गाडा फायनलला."

"सुंदर म्हंजी आपला सुंदर?" नानांनी विचारलं.

"आपल्याकडं एकच सुंदर आहे, नाना."

"त्याला बाटलीनं दूध पाजलंय मी. तुला न्हाई पाजलं."

"आकडे तसं सांगतायत."

"मंग आकड्यांना म्हनावं, गोठ्यात येऊन त्याच्या तोंडावर सांगा."

आकडे गोठ्यात गेले नाहीत. पण अकरा मतांपैकी सहा अजिंक्यच्या बाजूने पडली. तळेगावच्या मालोजीरावांकडं वजीर नावाचा तरणा बैल होता. वजीर इकडं, सुंदर तिकडं, अशी बोलणी करायला नानांचा मुलगा पिंटू तळेगावला ये-जा करू लागला. पुढचा घाट शनिवारी होता, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळपर्यंत अदलाबदल व्हायला हवी होती.

इथंवर सगळं शास्त्रशुद्ध होतं. घोळ फोनमुळं झाला.

मापन विभागात मोबाइल चालत नाही. त्यामुळं पिंटूचा फोन आला की अजिंक्य कॅन्टीनच्या मागं जायचा. तिथं कॉम्प्रेसर असल्यामुळं ओरडूनच बोलावं लागे. आणि कंपनीत कुणालाही त्याच्या बैलांविषयी ठाऊक नव्हतं. सहा घाटांच्या सहा रजा त्याने 'घरगुती कारण' सांगून घेतल्या होत्या. प्रशिक्षणाची मुदत संपत आली होती. सोमवारी एक तर पर्मनंट, नाहीतर आणखी तीन महिने प्रशिक्षण. त्याच्याबरोबरचे दोघं आधीच पर्मनंट झाले होते, आणि आईचं म्हणणं होतं की पर्मनंट झाल्याशिवाय मुलीकडचे बायोडेटासुद्धा पाठवत नाहीत. अशा वेळी 'बैलासाठी रजा' हे शब्द साहेबांच्या कानावर जाणं बरं नव्हतं.

आणि साहेबांचं नाव होतं सुंदर.

सुंदर सर मूळचे कोइमतूरचे, प्रॉडक्शनचे प्रमुख. बावीस वर्षांपूर्वी इकडं आले आणि वर्तमानपत्रांतले अग्रलेख वाचून मराठी शिकले. स्वभाव शांत. मीटिंगमध्ये काहीही प्रस्ताव आला की आधी चहूकडं बघायचे, मग बोलायचे. अजिंक्यला गोठ्यातला सुंदर आणि कंपनीतला सुंदर यांत कधी गोंधळ झाला नाही. एक गोठ्यात होता, एक कंपनीत.

मंगळवारी स्टोअरमधला नागसेन कॅन्टीनमागं चहा पीत उभा होता. नागसेन लातूरकडचा, माणूस चौकस. त्याच्या कानावर आलं ते असं:

"सुंदरला आता ठेवण्यात अर्थ नाही! सुरुवातीलाच अडखळतो, बाकीचे निघतात आणि हा इकडंतिकडं बघत बसतो! ... नाही, नाही, वयाचं म्हणू नकोस, वाईट वाटेल! ... तळेगावला पाठवायचा, शुक्रवारपर्यंत! त्याच्या जागी वजीर!"

आता, कंपनीचा दुसरा प्लांट तळेगावलाच होता. शिवाय कंपनी उभी होती ती जागा एके काळी अजिंक्यच्या घरच्यांची. जिथं आता पेंट शॉप आहे तिथं नानांचा हरभरा असायचा. मालकांपर्यंत यांचा वशिला असणार, हे कंपनीत सगळ्यांनी परस्पर ठरवूनच टाकलं होतं. नागसेनने कप खाली ठेवला आणि अजिंक्यला गाठलं.

"भाऊ, फोनवर बोलायलेत ते कानावर पडलं. मुद्दाम नाही ऐकलं."

अजिंक्यने आजूबाजूला पाहिलं. बैलांचं फुटलं. "नागसेनभाऊ, सोमवारपर्यंत कुणाला बोलू नका."

"छे, मी कशाला बोलू? पण हे वजीर कुठले म्हणायचे?"

"मूळ म्हैसूरकडचा."

"स्वभावानं?"

"लाथ मारतो. पण मनात काही नसतं. पहिले दोन दिवस मागून जायचं नाही, समोरून जायचं."

"खाण्यापिण्याचं?"

"रोज बारा अंडी आणि दोन लिटर दूध."

नागसेनने खाली ठेवलेला कप उचलला. मग म्हणाला, "काम काढून घेणारा माणूस असाच लागतो." हे वाक्य अजिंक्यपर्यंत पोचलं नाही, कारण तेवढ्यात कॉम्प्रेसर सुरू झाला.

नागसेनने शब्द पाळला. त्याने ही गोष्ट फक्त एकेका माणसाला, एकट्याला गाठून सांगितली. बुधवारी दुपारपर्यंत तिन्ही शिफ्टना कळलं की सुंदर सर तळेगावला चालले, आणि त्यांच्या जागी वजीर साहेब येतायत, जे लाथ मारतात. सुपरवायझर लोक वर्कशॉपमध्ये पाठ भिंतीला लावून उभं राहण्याचा सराव करू लागले. अजिंक्यला मात्र लोक अचानक नमस्कार का करतायत, हे समजेना. आपलं काम लोकांच्या लक्षात येऊ लागलं, असा त्याने निष्कर्ष काढला.

गुरुवारी कॅन्टीन चालवणाऱ्या कुसुमताई स्वतः त्याच्या टेबलाशी आल्या.

"अजिंक्यदादा, वजीरांना अंडी कशी लागतात? उकडून की आम्लेट?"

नागसेनने तोंड उघडलेलं दिसतंय, हे अजिंक्यच्या लक्षात आलं. पण कुसुमताई बैलालाही अहो-जाहो करतायत, हे त्याला आवडलं. "कच्ची, ताई. दुधात फोडून. नळीनं घशात सोडावी लागतात."

"बाई गं. स्वतः नाही पीत?"

"डोकं धरायला दोघं लागतात."

"आणि जेवणात मीठ कमी-जास्त?"

"मिठाची ढेप ठेवून द्यायची. लागेल तशी चाटतो."

कुसुमताईंनी मान डोलावली. वीस वर्षं कंपन्यांची कॅन्टीनं चालवल्यावर साहेब लोकांच्या पथ्यांचं कुणाला आश्चर्य वाटत नाही. "दोन पोरं सांगून ठेवते," असं म्हणून त्या गेल्या.

इकडं सुंदर सरांचे दिवस विचित्र चालले होते. बुधवारी तीन वेगवेगळ्या माणसांनी त्यांना तळेगावचं पाणी पोटाला चांगलं असल्याचं सांगितलं. गुरुवारी पेंट शॉपमधल्या पोरांनी त्यांच्याबरोबर फोटो काढून घेतला. एकाने विचारलं, "सर, तुमची खुर्ची तुम्ही घेऊन जाणार का?" सर चहूकडं बघत राहिले. मग त्यांनी नागसेनला बोलावलं, आणि शुक्रवारी दुपारी तीन वाजता अजिंक्यला.

"या, अजिंक्य. आसनस्थ व्हा."

अजिंक्य बसला. टेबलावर त्याची फाइल होती. आता लपवण्यात अर्थ नाही, असं त्याने जिन्यातच ठरवलं होतं. "सर, मी तुम्हाला सांगणारच होतो. सुंदरबद्दलच ना?"

सरांच्या भुवया वर गेल्या. बावीस वर्षांत त्यांच्या तोंडावर त्यांना नुसतं सुंदर कुणी म्हटलं नव्हतं. "होय," ते म्हणाले. "सुंदरबद्दल."

"सुंदर वाईट नाहीये, सर. गरीब स्वभावाचा आहे. कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण आरंभी अडखळतो."

"किती?" सर शेवटी प्रॉडक्शनचे माणूस होते.

"शून्य पॉइंट चार सेकंद."

"हे आपण मापले आहे?"

"सहा वेळा. व्हिडिओ काढून, स्लो मोशनमध्ये."

"संबंधिताच्या अनुमतीविना?"

या प्रश्नाचा अर्थ अजिंक्यला नीट लागला नाही. "त्याला काय कळतंय, सर."

सर पेल्यातलं पाणी प्यायले. "अन्य दोष असल्यास तेही सांगावेत."

"वजन वाढलंय. उन्हात फेस येतो. पुढं ठेवला की मागच्यांना अडवतो, मागं ठेवला की बसतो. आणि शेपटी फार हलवतो."

सरांनी पेला खाली ठेवला.

"काय हलवतो?"

"शेपटी, सर."

सर खुर्चीत मागं टेकले. खिडकीकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं, मग अजिंक्यकडं. "अजिंक्य, या सुंदरला पाय किती आहेत?"

"चार, सर."

"आणि वजीर यांना?"

"चारच."

त्या वेळी अजिंक्यला गेल्या तीन दिवसांतले सगळे नमस्कार एकदम आठवले. त्याने पाच मिनिटांत सगळं सांगून टाकलं: घाट, रजा, कॉम्प्रेसर, अंडी. सरांनी ते पुरतं ऐकून घेतलं. फक्त "नळीनं घशात" याला त्यांनी कॉलर जरा सैल केली.

"व्हिडिओ दाखवा," ते शेवटी म्हणाले.

त्यांनी तो तीन वेळा पाहिला. कंपनीत एक शिस्त होती: काहीही बिघडलं की पाच वेळा 'का' विचारायचं, मगच सुटा भाग बदलायचा. सरांनी फळ्यावरचं पुसलं.

"सुंदर विलंबाने निघतो. का?"

"डावीकडं बघतो, सर."

"का?"

अजिंक्यने व्हिडिओ थांबवून मोठा केला. डावीकडं, गाड्याच्या जरा मागं, फेटा बांधलेला माणूस उभा होता. पुढचा व्हिडिओ, तोच माणूस. सहाही वेळा. "नाना उभे असतात तिथं. निशाण पडायच्या आधी ते दर वेळी 'जा, बाळा' म्हणतात. हा वळून बघतो."

"मग काका वर, अंतिम रेषेपलीकडे उभे राहिले तर?"

अजिंक्य फळ्याकडं बघत राहिला. तिसऱ्या 'का'पर्यंतही जावं लागलं नव्हतं. "तर तो सरळ त्यांच्याकडं पळेल, सर."

"खर्च?"

"शून्य."

"मग बदली कशासाठी?"

अजिंक्य खुर्ची पाडून बाहेर पळाला. कॅन्टीनमागं जाऊन त्याने पिंटूला फोन लावला.

"पिंट्या, सौदा थांबव! सुंदरला देऊ नकोस!"

"थांबव काय भावा? सुंदर उतरवला कधीच. वजीरला टेम्पोत घालून मी तळेगाव सोडलं पण. एक लाथ बसलीये मांडीवर."

"परत फिर!"

"मालोजीराव म्हणतात, शब्द झाला म्हणजे झाला. उद्याचा घाट होऊ दे, मग बघू. आणि हे बघ, नानांना तू सांग. ते सकाळपासून जेवले नाहीत."

सर व्हरांड्यात उभे होते. "उद्या मीही येईन," ते म्हणाले. "नावाचा प्रश्न आहे. आपला निर्णय सोमवारी."

त्या दिवशी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना संध्याकाळच्या नाष्ट्याला अंडी मिळाली, प्रत्येकी दोन.

शनिवारी घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. सुंदर सर टोपी घालून, हातात स्टॉपवॉच घेऊन अजिंक्यशेजारी उभे होते. मालोजीरावांची बारी आधी होती. त्यांच्या गाड्याला पुढच्या जोडीत सुंदर. अजिंक्यने नानांना शोधलं. रोजच्या जागी ते नव्हते.

"नाना कुठं गेले?" त्याने पिंटूला विचारलं.

पिंटू मांडी चोळत होता. "म्हणाले, ज्या गाड्याला सुंदर न्हाई, त्याच्यापाशी मी हुबा ऱ्हानार न्हाई. वर गेलेत. म्हणाले, लांबून बगतो."

अजिंक्यने वर पाहिलं. अंतिम रेषेच्या पलीकडं, चढाच्या माथ्यावर, सगळ्यांच्या मधोमध नानांचा फेटा दिसत होता.

तो फेटा खालीही कुणाला तरी दिसला होता. सुंदरने मान वर केली आणि कान टवकारले. निशाण पडलं. बाकीचे तिघं निघाले, पण सुंदरच्या नंतर.

पुढची बारी नानांच्या गाड्याची. वजीरला पुढं जुंपला. जुंपताना त्याने लाथ मारली नाही, हे पाहून पिंटूने देवाला हात जोडले. निशाण पडलं. घोडी निघाली, जोडीचा बैल सर्जा निघाला, मागची जोडी निघाली. वजीरने आधी डावीकडं वळून पाहिलं. तिथं मालोजीराव गुलालात न्हाऊन उभे होते.

सरांनी स्टॉपवॉच खिशात ठेवलं. "वजीर विलंबाने निघाला," ते शांतपणे म्हणाले. "का, हे आपण आधी विचारले होते?"

अजिंक्यने त्या रात्री निकाल मोबाइलमध्ये लिहिले. शेवटची ओळ सोमवारी भरली.

मालोजीरावांचा गाडा, पुढं सुंदर: अकरा सेकंद अठ्ठेचाळीस.

सोपानरावांचा गाडा, पुढं वजीर: चौदा सेकंद सहा.

अजिंक्य, मापन विभाग: आणखी तीन महिने.